व्यंग आणि व्यंग्य : अठराव्या शतकातील ब्रिटिश राजकीय व्यंगचित्रे आणि मराठी मुलूख

4.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगचित्रांची निर्मिती व विक्री कशी होत होती, हे स्पष्ट करता येईल.
• अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींच्या आधारे राजकीय व्यंगचित्राचे वाचन करता येईल.
• मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित घटना या चित्रांत कशा आल्या आणि कोठे गाळल्या गेल्या, हे सांगता येईल.
• या परंपरेचा मराठी नियतकालिकांपर्यंत झालेला प्रवास थोडक्यात विशद करता येईल.

4.1 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालेला प्रवासी उरणच्या मोरा बंदरात उतरतो. वाटेत त्याला घारापुरीचे डोंगर दिसतात. मोरा ज्या भूमीवर वसले आहे, तिला अठराव्या शतकातील कागदपत्रांत करंजा बेट म्हणत. मे 1782 मध्ये मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सालबाईचा तह झाला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात घेतलेला वसईचा प्रदेश कंपनीने परत केला, पण साष्टी, घारापुरी आणि करंजा स्वतःकडे ठेवले. आज नोकरीनिमित्त मोऱ्याहून मुंबईला ये-जा करणारा माणूस त्या तहाच्या दोन कलमांमधून रोज प्रवास करतो, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

तहाला दीड वर्ष होऊन गेले असताना, डिसेंबर 1783 मध्ये, लंडनच्या रस्त्यांवर एक चित्र विकले जाऊ लागले. त्यात इंग्लंडचा एक मंत्री पौर्वात्य वेशात हत्तीवर बसून कंपनीच्या मुख्य कचेरीकडे निघालेला दाखवला होता. वादाचा विषय होता हिंदुस्थानचा कारभार. हसत होते लंडनचे लोक. ज्यांच्या मुलखाविषयी हे चालले होते, त्या लोकांना या हसण्यात कोणते स्थान होते? हा प्रश्न मनात ठेवून आपल्याला प्रस्तुत घटकाचा अभ्यास करावयाचा आहे.

4.2 विषय-विवेचन

4.2.1 संज्ञेचा विचार

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत आपण 'व्यंगचित्र' म्हणतो. 'व्यंग' हा शब्द 'वि + अंग' असा बनला असून शारीरिक न्यून किंवा वैगुण्य हा त्याचा मूळ अर्थ आहे. हिंदीत याच प्रकाराला 'व्यंग्यचित्र' असेही म्हणतात. 'व्यंग्य' हा शब्द 'वि' या उपसर्गापासून आणि 'अञ्ज्' या धातूपासून आला आहे. साहित्यशास्त्रात व्यंजनेने सूचित होणाऱ्या अर्थाला व्यंग्यार्थ म्हणतात, हे आपण यापूर्वीच्या अभ्यासक्रमात पाहिले आहे. उच्चाराने जवळ असलेले हे दोन शब्द व्युत्पत्तीने मात्र वेगळे आहेत.

युरोपीय भाषांतील 'कॅरिकेचर' हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ 'भार लादणे' असा आहे. चेहऱ्याच्या एखाद्या वैशिष्ट्यावर जास्तीचा भार द्यावयाचा, म्हणजे नाक मोठे असेल तर ते आणखी मोठे करावयाचे, ही मूळची कल्पना. सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार मित्रमंडळींच्या करमणुकीसाठी अशी चित्रे काढीत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात या खेळाला राजकारणाची जोड मिळाली. केवळ शरीराची अतिशयोक्ती हे 'व्यंग' झाले. त्या अतिशयोक्तीतून सत्तेविषयीचे विधान सूचित झाले की तेथे 'व्यंग्य' अवतरते. राजकीय व्यंगचित्राला या दोन्ही गोष्टींची गरज असते. त्यातील व्यंग नुसत्या डोळ्यांना दिसते, व्यंग्य मात्र संदर्भ ठाऊक असलेल्या वाचकालाच कळते.

4.2.2 तांब्याच्या पत्र्यापासून दुकानाच्या खिडकीपर्यंत

ही चित्रे वर्तमानपत्रांत छापली जात नव्हती. प्रत्येक चित्र हा सुटा विकला जाणारा कागद होता. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या द्रव्याचा थर देऊन त्यावर सुईने चित्र कोरीत. मग पत्रा आम्लात ठेवीत. जेथे थर निघालेला असे, तेथे आम्ल तांबे खात असे आणि रेषा खोल होई. त्या रेषांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटे. छाप उलटी येत असल्यामुळे चित्रातील सर्व मजकूर पत्र्यावर उलट्या अक्षरांत लिहावा लागे. कारागीर नंतर प्रत्येक प्रत हाताने रंगवीत.

साध्या प्रतीला साधारणतः सहा पेन्स आणि रंगीत प्रतीला एक शिलिंग पडत असे. मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्यात गेला असता, म्हणून विकत घेणारा वर्ग मुख्यतः सुखवस्तू होता. मात्र विक्रेते नवी चित्रे दुकानाच्या खिडकीत लावीत आणि तेथे ती फुकट पाहता येत. सॅम्युएल फोर्स या विक्रेत्याने तर चित्रांचे प्रदर्शन मांडून प्रवेशासाठी एक शिलिंग आकारले. संध्याकाळच्या करमणुकीसाठी चित्रांचे संच भाड्यानेही दिले. जेम्स गिलरे (1756–1815) हा या क्षेत्रातील सर्वांत प्रतिभावान चित्रकार हॅना हम्फ्री या विक्रेतीच्या दुकानाच्या वरच राहत असे.

या चित्रांच्या तारखा आपल्याला इतक्या नेमकेपणाने कशा ठाऊक आहेत? त्याचे श्रेय विल्यम होगार्थ (1697–1764) या चित्रकाराला जाते. त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला सर्रास विकल्या जात. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा करून 1735 मध्ये खोदचित्रांना स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळवून दिले. या संरक्षणासाठी चित्रावर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीचा दिनांक कोरणे आवश्यक होते. चित्रकारांची कमाई वाचवण्यासाठी केलेला हा नियम आज इतिहासाच्या अभ्यासकांच्या कामी येतो.

4.2.3 पहिले उदाहरण : हत्तीवरचा 'कार्लो खान'

प्रस्तावनेत उल्लेखिलेले चित्र जेम्स सेयर्स (1748–1823) याचे असून त्यावर 5 डिसेंबर 1783 ही तारीख आहे. लेडनहॉल स्ट्रीटमध्ये कार्लो खानचा विजयप्रवेश, असे त्याचे नाव. त्याची पार्श्वभूमी समजून घेऊ.

चार्ल्स जेम्स फॉक्स आणि लॉर्ड नॉर्थ हे अमेरिकेच्या युद्धाच्या प्रश्नावर एकमेकांचे कडवे विरोधक होते. 1783 मध्ये तेच दोघे एकत्र येऊन सत्तेवर आले. कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या सात आयुक्तांकडे सोपवावा, असे विधेयक फॉक्सने मांडले. 1 डिसेंबर रोजी एडमंड बर्क याने त्याच्या समर्थनार्थ दीर्घ भाषण केले. कंपनीने हिंदुस्थानातील एकेका सत्ताधीशाशी विश्वासघात कसा केला, याची यादी वाचताना त्याने मराठ्यांचाही उल्लेख केला : कंपनीने आधी मराठी राज्य राघोबाला विकले आणि पुढे राघोबालाच पेशव्यांच्या हाती विकले, असा त्याच्या विधानाचा आशय होता. मार्च 1775 चा सुरतेचा तह आणि त्यानंतरचे युद्ध आठवले, तर या आरोपात तथ्य होते, हे आपल्या ध्यानात येईल.

या भाषणानंतर चारच दिवसांनी सेयर्सचे चित्र आले. आता ते तीन पातळ्यांवर वाचू.

*वाच्यार्थ :* पौर्वात्य पोशाख केलेला, स्थूल देहाचा फॉक्स हत्तीवर बसला आहे. हत्तीला नॉर्थचा चेहरा आहे. पुढे बर्क तुतारी फुंकीत चालला आहे. समोर लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीची कचेरी आहे.

*लक्ष्यार्थ :* नॉर्थ हे फॉक्सचे वाहन झाले आहे; कालचा शत्रू आज ओझे वाहतो आहे. बर्क हा या मिरवणुकीचा तुताऱ्या आहे. म्हणजे त्याचे गाजलेले भाषण ही केवळ वाजंत्री आहे.

*व्यंग्यार्थ :* सुधारणा हे निमित्त आहे. फॉक्सला कंपनीच्या नेमणुका व पैसा हातात घेऊन एखाद्या पौर्वात्य सुलतानासारखे अनियंत्रित व्हावयाचे आहे.

'विजयप्रवेश' या शब्दात व्याजस्तुती आहे, वरवर गौरव आणि आतून निंदा. 'चार्ल्स'चे 'कार्लो' करून त्यापुढे 'खान' जोडण्यात शब्दनिष्ठ विनोद आहे. हत्तीकडेही लक्ष द्या. आपल्याकडे हत्तीवरून मिरवणूक हा सन्मान समजला जातो. लंडनच्या प्रेक्षकाला मात्र त्यातून आशियाई जुलमी राजवट सुचवली गेली. चिन्ह एकच असले तरी भाषिक-सांस्कृतिक समूह बदलताच त्याचा अर्थ कसा पालटतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

विधेयक सामान्यांच्या सभागृहात मंजूर झाले, पण 17 डिसेंबर रोजी उमरावांच्या सभागृहात ते फेटाळले गेले आणि मंत्रिमंडळ गेले. या पराभवामागे राजाचा विरोध हे मुख्य कारण होते. तो केवळ चित्रामुळे झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि संसदेतील टीकेपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले अधिक नुकसान केले, असे फॉक्स म्हणाल्याची समकालीन आठवण आहे. पुढे पंतप्रधान पिटच्या सरकारने सेयर्सला एक सरकारी पद दिले.

येथे क्षणभर थांबा. बर्कच्या भाषणात राघोबा होता, पेशवे होते, त्यांच्याशी झालेला व्यवहार होता. चित्रात यांपैकी काहीच उरले नाही. उरला तो फक्त पोशाख. हिंदुस्थानवरील अन्यायाचा प्रश्न ज्या वादात उपस्थित झाला, त्याच वादात हिंदुस्थान हे एका इंग्रज नेत्याची थट्टा करण्याचे साधन बनले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 1
(अ) 'व्यंग' आणि 'व्यंग्य' या शब्दांच्या व्युत्पत्तीतील फरक सांगा.
(आ) सेयर्सच्या चित्रात नॉर्थला हत्ती का केले आहे?

4.2.4 दुसरे उदाहरण : दोन चित्रे, एक हेस्टिंग्ज

पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू असताना गव्हर्नर जनरल असलेला वॉरन हेस्टिंग्ज 1785 मध्ये मायदेशी परतला. बर्कने त्याच्यावर महाभियोगाची तयारी सुरू केली. 11 मे 1786 च्या गिलरेच्या चित्रात हेस्टिंग्ज पौर्वात्य वेशात उंटावर बसला असून हातात सन्मानाची ढाल आहे. बर्क, फॉक्स आणि नॉर्थ दरोडेखोरांप्रमाणे त्याच्यावर तुटून पडले आहेत. चित्राच्या नावात हेस्टिंग्जला 'हिंदुस्थानचा तारणहार' म्हटले आहे.

13 फेब्रुवारी 1788 रोजी खटला सुरू झाला आणि 1 मार्चला त्याच गिलरेचे दुसरे चित्र आले. त्यात न्यायव्यवस्थेचा प्रमुख लॉर्ड थर्लो हा हेस्टिंग्जला खांद्यावर घेऊन रक्ताच्या समुद्रातून चालला आहे. हेस्टिंग्जच्या हाती पैशांच्या थैल्या आहेत आणि रक्तात हिंदी माणसांची प्रेते तरंगत आहेत.

एकच चित्रकार दोन वर्षांत दोन टोकांची चित्रे काढतो, याचा अर्थ कसा लावावा? एक उत्तर असे की खटल्यातील आरोप ऐकून लोकमत बदलले होते. दुसरे असे की सुटी चित्रे विकून पोट भरणारा चित्रकार दोन्ही पक्षांच्या गिऱ्हाइकांसाठी काम करीत होता. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. म्हणून एका चित्रावरून चित्रकाराची राजकीय निष्ठा ठरवण्याची घाई अभ्यासकाने करू नये.

दुसऱ्या चित्राची धार आजही बोथट झालेली नाही. कंपनीची संपत्ती रक्तातून आली, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे चित्र लंडनमध्ये उघडपणे विकले जात होते. परंतु येथेही हिंदी माणूस जिवंत नाही, त्याला बोल नाही. हेस्टिंग्ज पुढे 23 एप्रिल 1795 रोजी निर्दोष सुटला.

4.2.5 तिसरे उदाहरण : श्रीरंगपट्टणचा 'पाऊस'

मे 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण अन्नधान्य संपले, गुरे मेली, पाऊस सुरू झाला. त्याला आपल्या जड तोफा नष्ट करून मागे फिरावे लागले. जहाजाने ही बातमी लंडनला पोहोचण्यास महिने लागत. गिलरेचे चित्र 6 डिसेंबरचे आहे. 'मोसमी पावसाचे आगमन' असे त्याचे शीर्षक असून, तटावर उभा असलेला टिपू पळणाऱ्या इंग्रजांवर मूत्रविसर्जन करीत आहे. शीर्षकातील 'पाऊस' हा श्लेष आहे. अधिकृत वृत्तात हवामानाला दिलेला दोष चित्रकाराने या ग्राम्य विनोदाने उडवून लावला.

आता चित्राबाहेर काय राहिले ते पाहा. माघार घेणाऱ्या या उपाशी सैन्याला मे महिन्याच्या अखेरीस मेलकोट्याच्या परिसरात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्य आणि गुरे होती. त्यामुळे कॉर्नवॉलिसची फौज तगली. गिलरेच्या चित्राचा विषय मात्र टिपू आणि इंग्रज यांच्यापुरता मर्यादित आहे. विनोदाला दोन पक्ष पुरतात. तिसरा आला की रचना बिघडते. इतिहासाला मात्र तिसरा पक्ष गाळून चालत नाही. व्यंगचित्र हे लोकमताचे उत्तम साधन आहे, घटनेची नोंद म्हणून ते अपुरे आहे, हा भेद या उदाहरणातून स्पष्ट व्हावा.

4.2.6 हसण्याचे स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

इंग्लंडमध्ये छपाईपूर्व परवान्याचा कायदा 1695 मध्ये संपुष्टात आला. बदनामीबद्दल खटला होऊ शकत असे, पण चित्राच्या बाबतीत तो चालवणे अवघड होते. चित्रातील जाडा माणूस म्हणजे मीच, हे न्यायालयात सिद्ध करताना फिर्यादीचीच शोभा होई. सर्वाधिक व्यंगचित्रांचा विषय झालेल्या फॉक्सने 1792 मध्ये बदनामीचा कायदा ज्यूरीच्या बाजूने बदलून घेतला आणि मुद्रणस्वातंत्र्याला बळ दिले, ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची साक्ष देते.

सत्तेजवळ बंदीखेरीज आणखी एक उपाय होता, तो म्हणजे पैसा. 1797 पासून काही वर्षे गिलरेला सरकारकडून वार्षिक 200 पौंडांचे वेतन मिळत होते. 1820 मध्ये जॉर्ज क्रुकशँकने राजाला अनैतिक प्रसंगात न रेखाटण्याच्या अटीवर 100 पौंड स्वीकारले. उपहासकाला तुरुंगात टाकता येत नसेल, तर त्याला विकत घेता येते. म्हणून व्यंगचित्र पाहताना 'कोणावर हसले आहे?' या प्रश्नाबरोबरच 'कोणावर हसलेले नाही?' हाही प्रश्न विचारावा.

4.2.7 मराठी मुलखापर्यंतचा प्रवास

1841 मध्ये लंडनमध्ये 'पंच' हे विनोदी साप्ताहिक सुरू झाले आणि सुट्या चित्रांची जागा नियतकालिकांनी घेतली. ऑगस्ट 1857 मध्ये त्यातील जॉन टेनिएलच्या चित्रात ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावताना दिसतो. गिलरेच्या काळी उपहासाचा रोख स्वकीय सत्ताधाऱ्यांवर होता. येथे तो प्रजेविरुद्ध वळला.

परंतु साधन एकदा हाती आले की ते कोणाच्याही उपयोगी पडते. मुंबईत 1854 मध्ये 'पारसी पंच' निघाले आणि पुढे त्याचे 'हिंदी पंच' झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक उपरोधिक लेखनासाठी प्रसिद्ध झाले. साष्टीतील ठाणे, म्हणजे सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे राहिलेलाच मुलूख! ज्या भूमीचे लोक लंडनच्या चित्रांत मूक होते, तेथूनच आता मराठी उपहास उमटू लागला. मात्र त्याला लंडनचे स्वातंत्र्य नव्हते. 1870 मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम आले, तर 1878 मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला.

विसाव्या शतकात शंकरराव किर्लोस्करांनी व्यंगचित्रांना मासिकात स्थान दिले. 13 ऑगस्ट 1960 रोजी बाळासाहेब व श्रीकांत ठाकरे या बंधूंनी 'मार्मिक' सुरू केले. बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण हे दोघेही डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराला मानत, आणि लो स्वतःला गिलरेच्या परंपरेतला समजत असे. आपल्या घरी येणाऱ्या दैनिकातील चौकट अशा रीतीने हम्फ्रीबाईंच्या खिडकीशी जोडलेली आहे. स्वातंत्र्याचा प्रश्नही संपलेला नाही. 2012 मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, हिंसेला चिथावणी नसलेली सरकारवरील टीका राजद्रोह ठरत नाही, हे पुन्हा स्पष्ट केले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 2
(अ) गिलरेच्या श्रीरंगपट्टणविषयक चित्रात कोणता पक्ष अनुपस्थित आहे?
(आ) उपहास थांबवण्यासाठी सत्तेने वापरलेले दोन मार्ग कोणते?

4.3 सारांश

अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगचित्रे ही तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली, सुटी विकली जाणारी चित्रे होती. त्यांनी मंत्री, न्यायाधीश व सेनापती यांना निर्भयपणे हास्यास्पद केले. शब्दशक्तींच्या आधारे त्यांचे वाचन केल्यास वाच्यार्थामागील राजकीय व्यंग्यार्थ उलगडतो. हिंदुस्थान त्यांत पोशाख, प्रेत किंवा प्रतिपक्ष म्हणून येतो. बोलणारा पक्ष म्हणून येत नाही. पुढे हे साधन मराठी नियतकालिकांनी आपलेसे केले. सत्तेला हसण्याचे धैर्य या परंपरेकडून अवश्य घ्यावे. मात्र त्या हसण्यात कोणाचा आवाज हरवला, याचा शोध घेणे ही वाचकाची जबाबदारी आहे.

4.4 स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

1. (अ) 'व्यंग' हा शब्द 'वि + अंग' यापासून (वैगुण्य), तर 'व्यंग्य' हा 'वि + अञ्ज्' यापासून (सूचित अर्थ) बनला आहे. (आ) पूर्वीचा विरोधक फॉक्सचे वाहन झाला, हे दाखवण्यासाठी.
2. (अ) मराठी फौजा. (आ) कायदेशीर कारवाई आणि पैसा.

4.5 स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

1. 'व्यंगचित्र हे लोकमताचे साधन आहे, घटनेची नोंद म्हणून ते अपुरे आहे.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
2. एखाद्या मराठी दैनिकातील सात दिवसांची व्यंगचित्रे जमवा. प्रत्येकाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ व व्यंग्यार्थ स्वतंत्रपणे लिहा. त्या आठवड्यात कोणत्या व्यक्तीवर वा विषयावर एकही चित्र आले नाही, याचीही नोंद करा.
3. आपल्या गावातील वयोवृद्ध वाचकांना आठवणारे एखादे जुने व्यंगचित्र कोणते, ते विचारा. त्यांना चित्रातील व्यंग आठवते की व्यंग्य, याविषयी दहा ओळी लिहा.